एक घर जास्त

काकांचा कॅमेरा डोळ्याला लावायचा नव्हता. तो पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि विहिरीत डोकवावं तशी मान खाली घालून आत पाहायचं. पुढे एकावर एक अशी दोन भिंगं होती. खालच्या भिंगातून उजेड फिल्मवर जायचा आणि वरच्या भिंगातलं चित्र आतल्या धुरकट काचेवर पडायचं. त्या काचेवर बारीक रेघांची चौकट होती, दोन आडव्या आणि दोन उभ्या. काचेवर दिसणारं जग मला बाहेरच्या जगापेक्षा जास्त आवडायचं. खरं सांगायचं तर अजूनही आवडतं.

काचेवर डावं ते उजवं दिसायचं. शहराच्या महाल भागात आमचं भाड्याचं घर होतं, वरच्या मजल्यावर, त्याच्याही वर गच्ची. थंडीच्या दिवसांत कॉलेजातून आले की मी कॅमेरा घेऊन गच्चीवर बसायची. आई दोरीवर लुगडं पसरत एका टोकाकडून निघायची, तर काचेवर ती भलत्याच टोकाकडून यायची. कावळे उलटे उडायचे. खालच्या गल्लीतून सायकलची घंटी ऐकू यायची, कुणाच्या तरी रेडिओवर गाणं लागलेलं असायचं, पण काचेतल्या माणसांना ते काही ऐकू येत नाहीसं वाटे. सगळं हळू आणि मऊ. फिल्म नसली तरी चाले. मी नुसतीच पाहत बसे, आणि ऊन भिंतीवरून उतरून कधी गेलं ते मानेला कळ लागल्यावर समजायचं. आई म्हणायची, ही खोक्यात डोकं घालून बसली की हिले भूकसुद्धा लागत नाही.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. सरकारी कचेरीत कारकून होते, लग्न केलेलं नव्हतं, आमच्याकडेच राहायचे. घरात त्यांचा शब्द फारसा कुणी मानत नसे, पण कॅमेऱ्याच्या बाबतीत ते हुकूमशहा होते. काचेवरच्या रेघा शोभेसाठी नाहीत, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. माणसाचे डोळे वरच्या रेघेवर आले पाहिजेत. माणूस मधोमध खुंटीसारखा ठोकायचा नाही, तो ज्या बाजूला पाहतो त्या बाजूला जागा सोडायची. मग उजेडाचं. भिंगाच्या कड्यावर आकडे होते, आणि दोन आकड्यांमधल्या अंतराला काका ‘घर’ म्हणायचे. एक घर उघडलं की दुप्पट उजेड आत, एक घर मिटलं की निम्मा. त्यांच्याकडे तळहातात मावेल असं एक उजेड मोजायचं मीटरही होतं. त्यातली सुई थरथरत एका आकड्यावर थांबायची, आणि त्या आकड्यावरून बाकीचं ठरवायचं.

हे सगळं मी शिकत होते त्याच सुमारास घरात माझ्या लग्नाचं बघणं सुरू झालं. बाबांनी ते काम आईवर सोडून दिलं होतं. ते स्वतः वर्तमानपत्रामागे बसत आणि विचारलं की ‘तुमचं पहा’ म्हणत.

मी काळी आहे. सावळी, निमगोरी, गव्हाळ, हे शब्द पत्रिकेसोबतच्या कागदावर लिहायला असतात. मी आईवर गेले, आणि आई कुहीकडच्या एका धानाच्या गावातली, शेतात वाढलेली. गच्चीवर काचेत ती दिसायची तेव्हा तिचा चेहरा भिजलेल्या मातीच्या रंगाचा दिसे, आणि कानातली फुलं त्यावर अशी उठून दिसत की मी कळ दाबायचं विसरून जाई. फोटो मात्र तिचा एकही नव्हता. म्हणजे घरातल्या ग्रुप फोटोंत ती होती, पण सगळ्यांच्या मागे, पदर पुढे ओढून, मान वळवलेली. कॅमेरा दिसला की तिला चुलीवरचं काहीतरी आठवायचं.

स्थळांना पाठवायचा माझा फोटो सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत काढलेला होता. मागे रंगवलेला बगीचा, बाजूला प्लॅस्टिकची फुलं, मधोमध मी. स्टुडिओवाल्याने दिवे असे लावले आणि छापताना असं काही केलं की फोटोत एक गोरीपान मुलगी उगवली. तिला माझं नाक होतं. बाकी मी तिला ओळखत नव्हते. सगळ्या शहरात मुलींचे फोटो असेच निघत, त्यात कुणाला लबाडी वाटत नसे. हळद लावतात तसा फोटो उजळ करायचा.

त्या फोटोच्या जोरावर एक स्थळ घरापर्यंत आलं. आईने त्या दिवशी माझ्या तोंडाला पावडर लावली, खिडकीचं एक दार लोटून घेतलं आणि मला खिडकीकडे पाठ येईल अशी खुर्ची मांडली. आता विचार केला की वाटतं, कॅमेऱ्याचं तिला काही कळत नव्हतं, पण उजेड कुठून येऊ द्यायचा नाही हे पक्कं कळत होतं. मी पोह्यांच्या बशा घेऊन गेले. मुलाच्या वडिलांच्या हातात फोटो होता. त्यांनी फोटो पाहिला, मग मला पाहिलं, मग परत फोटो पाहिला. वाईट माणूस नव्हता. नुसतं पाहिलं, आणि पोहे छान झाल्याचं म्हणाले. ‘कळवतो’ म्हणून गेले. कळवायला कोणी येत नसतं, फोटो आणि पत्रिका पाकिटातून परत येतात, तशी आली.

मला नकाराचं इतकं लागलं नाही. त्या दुसऱ्यांदा फोटोकडे गेलेल्या नजरेचं लागलं. माझ्या घरात, माझ्याच खुर्चीवर बसून मी चोरीचा माल असल्यासारखी पकडली गेले होते. मी ठरवलं की ती नजर पुन्हा सहन करायची नाही. लग्न होवो न होवो.

मग उमरेडचं स्थळ निघालं. मुलगा तिकडे कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात होता. ओळखीच्या बाईंनी निरोप दिला की फोटो पाठवा. आई तोच पाकिटातला फोटो काढायला लागली तेव्हा मी म्हटलं, थांब, माझा मी काढते. रागाने बोलले असणार, कारण आईने वाद घातला नाही. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे तिला माहीत होतं.

पहिला प्रयत्न साफ फसला. गच्चीच्या भिंतीला दिवाळीचा चुना होता, लखलखीत. त्या भिंतीपुढे स्टूल ठेवलं. माझ्या जागी स्टुलावर घागर, घागरीवर उशी रचली आणि उशीवर काचेतलं चित्र स्पष्ट केलं. मीटर धरलं, सुईने सांगितलं तेवढंच कडं लावलं. कॅमेऱ्याला एक खटका होता, तो ओढला की थोडा वेळ घुर्रर्र करून कळ आपोआप पडायची. तेवढ्यात घागर उचलून स्टुलावर बसायचं. घागर पायाशी ठेवून मी बसले आणि शहाण्यासारखं तोंड केलं.

फोटो धुऊन आला तर भिंत करडी आणि माझ्या चेहऱ्याच्या जागी काजळी. डोळे कुठे, नाक कुठे, काही कळेना. स्टुडिओने मला चुन्यात घोळलं होतं, आणि मी मेहनत करून स्वतःला तव्याच्या बुडासारखं केलं होतं. मी गच्चीवर जाऊन रडले. वाटलं, यंत्राला तर कुणी काही शिकवलेलं नाही, ते कशाला खोटं बोलेल? म्हणजे मी दिसते ती अशीच.

काका वर आले, फोटो उन्हात धरून पाहिला आणि हसले. मला त्यांचा भयंकर राग आला. ते म्हणाले, “अवं, मीटरले तू दिसलीच नाही. त्याले भिंत दिसली.”

मग त्यांनी समजावलं. मीटर समोर जे दिसेल त्याची सरासरी काढतं. भिंत पांढरी असली की त्याला वाटतं उजेड फारच आहे, आणि ते घर मिटायला सांगतं. भिंतीचं भागतं, माणूस बुडतो. म्हणून भिंतीला विचारायचंच नाही. माणूस ज्या उजेडात बसणार त्या उजेडात आपला तळहात धरायचा, मीटर तळहाताजवळ न्यायचं आणि जो आकडा येईल त्याच्यापेक्षा एक घर उघडायचं. त्यांनी आपला हात माझ्या हाताशेजारी धरला. काका गोरे होते, आजीवर गेलेले. दोन्ही तळहातांवर सुई एकाच जागी थांबली. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, आणि रडणं कधी थांबलं ते लक्षात आलं नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही सकाळी बसलो. मी भिंत सोडली आणि जिन्याच्या काळपट दाराशी सावलीत स्टूल मांडलं, जिथे उजेड आभाळातून येतो पण ऊन येत नाही. चौकटीत मी स्वतःला डाव्या रेघेवर ठेवलं, उजवीकडची जागा मोकळी. तळहात धरला, सुई थांबली, एक घर उघडलं. काका शेजारी उभे होते. त्यांनी हात पुढे करून कडं आणखी एक घर सरकवलं. सवयीने केलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की लहानपणापासून त्यांनी काढलेल्या माझ्या प्रत्येक फोटोत मी भावंडांच्या मानाने उजळ का दिसते. दर वेळी माझ्यापुरतं एक घर जास्त. छापणाऱ्यालाही सांगत असणार की हात हलका ठेव.

“काका,” मी म्हटलं, “मी आहो तशी वाईट दिसतो काय?”

ते बराच वेळ कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. या माणसाने मला खांद्यावर बसवून अंबाझरीचा तलाव दाखवला होता, तापात ते रात्रभर माझ्या उशाशी बसले होते. माझ्यावरच्या मायेनेच त्यांनी ते केलं होतं, आणि त्या मायेचंच मला जास्त लागलं. शेवटी त्यांनी कडं परत मागे घेतलं. “तूच लाव,” म्हणाले, आणि जिन्याने खाली गेले. त्यानंतर त्यांनी माझ्या कड्याला कधी हात लावला नाही.

तो फोटो माझ्याकडे अजून आहे. फार ग्रेट नाही. पदराची चुणी नीट नाही आणि केस कानामागून सुटलेत. पण ती मी आहे. माझा रंग आहे, आणि रंगाच्या आत माझे गाल आहेत, हनुवटीवरचा देवीचा वण आहे, डोळ्यांत सकाळचं आभाळ आहे. स्टुडिओवाल्याने छापलेला कागद देताना भलेपणाने विचारलं होतं की ताई, थोडा उजळून देऊ का. मी नको म्हटलं तेव्हा त्याला वाटलं मी रागावले.

आईने फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. आधी तिला माझ्या शेजारची मोकळी जागा खुपली. एवढी जागा कोणासाठी सोडली, तुझ्या नवऱ्यासाठी काय, असं विचारलं. मी हसले, ती नाही हसली. मग म्हणाली, तूच आहेस, हुबेहूब आहेस, पण हा पाठवायचा नाही. मी कारण विचारलं तर ती परात घेऊन बसली आणि पीठ मळता मळता, माझ्याकडे न पाहता बोलली.

“मले कंदिलाच्या उजेडात दाखवलं होतं. सासूनं मले उजेडात पाह्यलं ते लग्न झाल्यावर, सकाळी.”

आजी मला आठवते. चांगली होती, आम्हा मुलांना जीव लावायची. पण कुणी पाहुणी आली की आईच्या देखत म्हणायची की आम्हाला फसवलं हो. गमतीने म्हणायची, सगळे हसायचे, आईही हसायची. मला वाटायचं, जास्त हुंडा ठरवून कमी दिला असं काहीतरी असेल. आजी जाईपर्यंत ते वाक्य घरात होतं, आणि त्याचा अर्थ मला त्या दिवशी पिठाच्या परातीसमोर समजला.

“मग मले बी तसंच काहून दाखवून राहिली तू?” मी म्हटलं.

आईचे हात थांबले. ती म्हणाली, “फसवलं म्हनतील, पन घरात घेतील नं वं.”

तिने दोन्ही फोटो आपल्या पेटीत ठेवले आणि कोणता पाठवायचा ते मी पाहीन म्हणाली. पाकीट तिनेच बंद केलं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं आणि तिने स्टुडिओतला म्हटलं असतं तर मी काय केलं असतं ते मलाच माहीत नव्हतं. ते दिवस मी काचेत पाहत काढले. कबुतरं यायची, दोरीवरचे कपडे उलट्या वाऱ्याने हलायचे. चौकटीत मी एकेक गोष्ट बसवून पाहायची आणि सोडून द्यायची.

उमरेडची मंडळी सकाळच्या एसटीने आली. मुलगा, त्याची आई, एक मामा. ते येण्याआधी मी आतल्या खोलीत वेणी घालत होते, तेव्हा बाहेर खिडकीचा आवाज झाला. आमच्या खिडकीचं ते लोटलेलं दार फुगलेलं होतं, जोर लावल्याशिवाय निघत नसे. डोकावले तर आई दोन्ही हातांनी ते ओढत होती. ते उघडल्यावर तिने खुर्ची उचलली आणि खिडकीसमोर, तोंडावर उजेड पडेल अशी ठेवली. मग पदराने खुर्ची पुसली आणि चहाचं पाहायला गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

मी जाऊन बसले. उजेड इतका होता की मला डोळे बारीक करावेसे वाटले, पण केले नाहीत. थोडं बोलणं झालं, शिक्षण, भावंडं, एसटीची गर्दी. मग मुलाच्या आईने पिशवीतून पाकीट काढलं आणि पाकिटातून फोटो. माझ्या बाजूला फोटोची पाठ होती. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं. मी त्यांच्या डोळ्यांवर नजर ठेवून होते. डोळे फोटोकडे परत गेले नाहीत. त्यांनी फोटो मांडीवर ठेवला आणि दाराशी उभ्या आईला सांगितलं, “फोटोत हाय तशीच हाय पोरगी.”

एवढंच. कौतुक नव्हतं आणि नाराजीही नव्हती. त्यांनी लगेच चहात साखर कमी चालते म्हणून सांगितलं. मी आईकडे पाहिलं तर ती ट्रे धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि हात मोकळे नसल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं. मी उठून ट्रे घेतला. मुलाने फोटो हातात घेऊन विचारलं की कोणी काढला. मी म्हटलं मीच. मग बटण कोणी दाबलं, असं त्याने विचारलं, आणि मी त्याला घागरीची आणि उशीची गोष्ट सांगितली. तो खूप हसला. हसताना चांगला दिसला.

लग्न जमलं नाही. पत्रिका जुळत नाही असं कळवलं, खरं असेल किंवा नसेल. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, मुलगा मला आवडला होता. माझं लग्न पुढे दुसरीकडे झालं, तोच फोटो पाहून झालं, आणि सासरी मला कुणी कधी फसवलं म्हटलं नाही. भांडणं झाली ती दुसऱ्या कारणांवरून.

उमरेडहून पाकीट परत आलं त्या दुपारी मी गच्चीवर होते. आई वर आली. मला वाटलं ती आता रडेल, किंवा म्हणेल की सांगितलं होतं तुला. ती तसं काही म्हणाली नाही. फोटो परत आल्याचं सांगितलं, दोरीवरचे कपडे चाचपून पाहिले, ओले होते. मग जिन्याच्या दाराशी माझ्या त्या जागी स्टूल होतं, त्यावर बसली. डोक्यावरचा पदर मागे सारला, पार खांद्यावर घेतला.

“मले बी घे एक,” म्हणाली.

मी लगेच कॅमेरा उचलला. बोलले असते तर तिला खाली काहीतरी आठवलं असतं. उजेड दोनदा मोजला. काचेत मान घातली तर ती मधोमध, थेट माझ्याकडे पाहत बसलेली. रेघांचे सगळे नियम माहीत असून मी तिला तिथेच ठेवलं आणि कळ दाबली.

फोटो आला तो मी तिच्या हातात दिला आणि मुद्दाम बाजूला झाले. तिने तो दिव्याजवळ नेला नाही, खिडकीजवळ नेला. तिथे ती इतका वेळ उभी होती की चुलीवरचं दूध उतू गेलं आणि मीच धावत जाऊन उतरवलं. परत आले तरी तशीच उभी. तिने पन्नाशी गाठली होती, घरात आरसा होता, भांग ती रोज पाडायची.

“अशी हाव काय वं मी?” तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

ती पुन्हा फोटोकडे वळली. अंगठ्याने फोटोतल्या गालावरून, पुसल्यासारखं न करता, नुसता हात फिरवला.

“बरी हाव नं,” आई म्हणाली.